षटकोनी टाइल्सचा भारताचा नकाशा पुन्हा पुन्हा बिघडतो, तेव्हा

सोलापुरातील एका शाळेच्या सभागृहात चारशे मुलांनी रंगवलेल्या चारशे षटकोनी टाइल्स भारताच्या आकारात भिंतीवर बसवायच्या होत्या, आणि कोणत्या जागा घ्यायच्या हे ठरवणारा प्रोग्राम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अट एकच होती, पण ती मोडता येण्यासारखी नव्हती: टाइल्स बरोबर चारशे लागल्या पाहिजेत. एकाही मुलाची टाइल उरता कामा नये आणि नकाशात एकही जागा रिकामी राहता कामा नये. प्रोग्राम पहिल्या दिवशी नीट चालला, ब्राउझरमध्ये दाखवायला घेताच बिघडला, दुरुस्त केला, आणि आठवड्याने सीमेची फाइल बदलताच पुन्हा बिघडला. तोच दोष परत परत येतो अशी माझी समजूत झाली होती आणि त्या समजुतीपायी बरेच दिवस गेले. प्रत्यक्षात चार वेगळे दोष एकाआड एक दडलेले होते. वरचा काढला की खालचा दिसू लागे. हाच उद्योग करणाऱ्या इतरांना तो फेरा टाळता यावा, म्हणून प्रत्येक दोषाची खूण आणि त्यावरचा उपाय येथे सविस्तर नोंदवत आहे.

आधी मोजमाप पक्के करू, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावर उभी आहे. भारताचे क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर आहे. त्याला ४०० ने भागले की एका टाइलच्या वाट्याला सुमारे ८,२१८ चौरस किलोमीटर येतात. टोक वर असलेला षटकोन घेतला आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन उभ्या बाजूंमधील अंतराला रुंदी म्हटले, तर क्षेत्रफळ म्हणजे रुंदीचा वर्ग गुणिले ०.८६६. यावरून रुंदी ९७.४ किलोमीटर, एक बाजू ५६.२ किलोमीटर आणि टोकापासून टोकापर्यंतची उंची ११२.५ किलोमीटर येते. दोन ओळींच्या मध्यांतील अंतर बाजूच्या दीडपट, म्हणजे ८४.४ किलोमीटर.

रुंदी, बाजू आणि उंची हे तीन आकडे एकमेकांच्या जागी वापरले जाणे ही पहिली आणि सर्वांत सहज होणारी चूक आहे. आर या प्रोग्रामिंग भाषेतील नकाशांसाठीच्या एसएफ पॅकेजमध्ये जाळी काढणाऱ्या फंक्शनला चौरस नकोत असे सांगितले की षटकोन मिळतात, पण तेथे घराचा, म्हणजे जाळीतल्या एका षटकोनाचा, आकार म्हणून समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर द्यावे लागते. इतरत्र, विशेषतः स्वतः लिहिलेल्या किंवा कोठून तरी उचललेल्या कोडमध्ये, बहुधा बाजूची लांबी मागितलेली असते. सुदैवाने ही चूक स्वतःच आपली ओळख देते. रुंदीच्या जागी बाजूची लांबी दिली असेल, तर टाइल्स बरोबर तिप्पट, म्हणजे बाराशेच्या आसपास निघतात. टोकापासून टोकापर्यंतची उंची दिली असेल, तर पाऊणपट, म्हणजे तीनशेच्या आसपास. बाराशे किंवा तीनशे हा आकडा दिसला, तर दुसरीकडे कोठेही शोधू नये.

टाइल्स चौदा-पंधराने कमी पडत असतील आणि नकाशाचा माथा बोडका दिसत असेल, तर सीमेची फाइल तपासावी. नॅचरल अर्थ या नकाशांच्या खुल्या संचातील नेहमीच्या फाइलमध्ये सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे काढलेल्या असतात, तर वरील क्षेत्रफळात पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातील सुमारे १,२१,००० चौरस किलोमीटर भूभाग धरलेला आहे. हा फरक जवळपास पंधरा टाइल्सचा होतो. भारताच्या दृष्टीने काढलेली वेगळी फाइल त्याच संचात मिळते. मात्र शाळेच्या भिंतीवर कायमचा लागणारा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमेशी ताडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले रोज तो पाहणार असतात.

उत्तर फुगते, दक्षिण आकसते

सोलापुरात ही अडचण समजावून सांगायला जॅकार्डवर चालणाऱ्या चादरीइतके चांगले उदाहरण नाही. चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर चौकटी भरून काढतात. एक उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा आणि एक आडवी रेघ म्हणजे बाण्याचा. एका इंचात ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे नसतील, तर समान चौकटींच्या कागदावर गोल काढलेले फूल मागावरून लांबट किंवा चपटे होऊन उतरते. त्यासाठी कागदाच्या चौकटीच त्या प्रमाणात आखाव्या लागतात. अक्षांश-रेखांशांच्या बाबतीत नेमके हेच घडते. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा एक अंश कन्याकुमारीजवळ ११० किलोमीटर, सोलापूरला १०६ किलोमीटर आणि लेहजवळ ९२ किलोमीटर भरतो. अंशांनाच सरळ क्ष आणि य मानून जाळी टाकली, की लडाखला कन्याकुमारीच्या तुलनेत क्षेत्रफळाच्या मानाने वीस टक्के जास्त टाइल्स मिळतात. संकेतस्थळांवरील नकाशांसाठी वापरले जाणारे वेब मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर उतरवण्याची एक पद्धत) घेतले, तर आकार ओळखीचा दिसतो खरा, पण हीच वाढ त्रेचाळीस टक्क्यांवर जाते.

यावर उपाय म्हणजे जाळी टाकण्यापूर्वी सीमा समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण टिकवणाऱ्या, प्रक्षेपणात बदलून घेणे. मी आल्बर्स शंकू प्रक्षेपण घेतले. मध्य रेखावृत्त भारतीय प्रमाणवेळेचे, म्हणजे ८२.५ अंश पूर्व, मूळ अक्षांश, जेथे य शून्य धरतात, २४ अंश उत्तर, आणि प्रमाण अक्षवृत्ते १३ व ३२ अंश. प्रक्षेपण झाल्यावर बहुभुजाचे, म्हणजे सीमेच्या बंद आकाराचे, क्षेत्रफळ मोजून ते वरच्या आकड्याच्या अगदी जवळ येते ना, हे पाहावे. येथे आणखी एक अडथळा संभवतो: सीमा हलकी करण्यासाठी तिच्यातले बिंदू कमी केलेले असतील, तर किनाऱ्याची रेघ स्वतःलाच छेदते आणि क्षेत्रफळ चुकीचे येऊ शकते, आणि पायथनमधील शेपलीसारखी भूमितीची लायब्ररी घर व देश यांचा सामाईक भाग काढताना त्रुटी दाखवून थांबू शकते. अशा वेळी आधी बहुभुज वैध करून घ्यावा, मग पुढे जावे.

मध्यापासून खाली ओळी विस्कटतात

ज्या दोषाने मला सर्वांत जास्त छळले, तो हा. टोक वर असलेल्या षटकोनांच्या जाळीत एकाआड एक ओळ अर्ध्या रुंदीने उजवीकडे सरकवावी लागते. त्यासाठी कोडमध्ये सहसा असे लिहितात की ओळीच्या क्रमांकाला २ ने भागून बाकी १ उरली, तर सरकवा. पायथनमध्ये ही अट निर्धोक आहे. जागा निवडण्याचा भाग मी पायथनमध्ये लिहिला होता आणि तो बरोबर चालत होता. तोच हिशेब ब्राउझरमध्ये चित्र दाखवण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा उतरवला, आणि नकाशाचा वरचा भाग देखणा, खालचा भाग मात्र विस्कटलेला, असे चित्र समोर आले.

पडद्यावर ते नीट उमगेना, म्हणून बारा सेंटीमीटर रुंदीचे कागदी षटकोन कापले आणि संध्याकाळी सभागृहाच्या फरशीवर त्याच आकड्यांनुसार मांडून पाहिले. काश्मीरपासून मध्य प्रदेशाच्या वरच्या अंगापर्यंत कागद एकमेकांत चपखल बसत गेले. त्याखालच्या पहिल्याच ओळीत प्रत्येक कागदाचे टोक वरच्या कागदाच्या टोकावर साडेतीन सेंटीमीटर चढले, आणि शेजारच्या दोन कागदांच्या खांद्यांमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट उघडी पडली: सहा सेंटीमीटर रुंद, साडेतीन सेंटीमीटर उंच. त्याखालची प्रत्येक ओळ तशीच, सरळ उतरंडीसारखी. फटी नेमक्या कोठून सुरू होतात, हे फरशीवर गुडघ्यांवर बसून पाहिले तेव्हा कारण कळले. शून्य क्रमांकाची ओळ प्रक्षेपणाच्या मूळ अक्षांशाजवळ, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडी वर होती. तिच्या दक्षिणेकडील सर्व ओळींचे क्रमांक ऋण होते.

वजा ३ ला २ ने भागल्यावर पायथन आणि आर बाकी १ सांगतात. जावास्क्रिप्ट आणि सी बाकी वजा १ सांगतात. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पण ‘बाकी १ आहे का’ या प्रश्नाला जावास्क्रिप्टमध्ये ऋण विषम ओळ ‘नाही’ असे उत्तर देते, त्यामुळे ती सरकत नाही आणि आपले सोलापूर धरून अख्खा दक्षिण भाग सरळ रांगांत उभा राहतो. याच दोषाचे दुसरे रूप अधिक फसवे आहे. अट न लिहिता ‘बाकी गुणिले अर्धी रुंदी’ असे लिहिले असेल, तर ऋण विषम ओळ उजवीऐवजी डावीकडे अर्ध्या रुंदीने सरकते, म्हणजे तिच्या योग्य जागेपासून पूर्ण एक टाइल डावीकडे जाते. तेव्हा फट कोठेच पडत नाही, सगळे नीट सांधलेले दिसते, पण कोकणचा किनारा आणि कोरोमंडलचा किनारा दोन्ही करवतीच्या दातांसारखे होतात. फट नाही म्हणून आपण जाळीवर संशय घेत नाही आणि सीमेच्या फाइलला दोष देत बसतो.

तात्पुरता उपाय म्हणून बाकी काढण्याऐवजी ओळीच्या क्रमांकाचा शेवटचा बिट, म्हणजे त्याच्या द्विमान रूपातला शेवटचा अंक, तपासता येतो. तो ऋण संख्यांनाही बरोबर लागू पडतो. मी मात्र सरकवण्याची भानगडच काढून टाकली. प्रत्येक घराला स्तंभ आणि ओळ असे दोन तिरपे निर्देशांक दिले, आणि क्ष म्हणजे रुंदी × (स्तंभ + ओळ ÷ २), य म्हणजे बाजू × १.५ × ओळ, एवढी दोनच सूत्रे दोन्ही भाषांत ठेवली. यात सम-विषम येतच नाही, त्यामुळे भाषा बदलली तरी उत्तर बदलत नाही. शेजारी शोधणेही सोपे होते: निर्देशांकांत (१, ०), (१, −१), (०, −१), (−१, ०), (−१, १) आणि (०, १) मिळवले की सहाही शेजारी मिळतात. ब्राउझरमध्ये य खाली वाढतो, म्हणून चित्र काढताना त्याचे चिन्ह उलटावे, नाहीतर कन्याकुमारी वर जाते. हे एकदा कळले की पुन्हा चुकत नाही.

चारशे भरत नाहीत आणि ईशान्य भारत तुटतो

मोजमाप, प्रक्षेपण आणि जाळी तिन्ही बरोबर असूनही टाइल्स कधी तीन-चार कमी, कधी पाच-सहा जास्त निघत. ज्या घराचा मध्य सीमेच्या आत ते घर घ्यायचे, अशी माझी कसोटी होती. घराचा आकार थोडा कमी-जास्त करून चारशेवर आणण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात, मीही केला. तो भरवशाचा नाही, कारण आकार किंचित बदलला की किनाऱ्यावरची कित्येक घरे एकदम आत येतात वा बाहेर जातात, आणि आकडा ३९९ वरून थेट ४०२ वर उडी घेऊ शकतो. शिवाय आकार कमी केला की टाइल्स वाढतीलच, अशीही प्रत्येक वेळी हमी नसते.

त्याहून मोठा प्रश्न सिलिगुडीचा आहे. पश्चिम बंगालच्या उत्तरेकडील हा पट्टा अगदी अरुंद ठिकाणी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे आणि आपली टाइल ९७ किलोमीटरची. त्यावर पडणाऱ्या घरात नेपाळ आणि बांगलादेशची जमीनही येते. जाळी जरा इकडे सरकली तर त्या घराचा मध्य भारतात येतो आणि ईशान्येकडील राज्ये जोडलेली राहतात. जरा तिकडे सरकली तर मध्य सीमेबाहेर जातो आणि आसामपासून पुढचा सगळा भाग नकाशापासून सुटून वेगळा लटकतो. भिंतीवर लागणाऱ्या नकाशात हे मला क्षणभरही चालणारे नव्हते.

जाळी मुळात सरकत का होती, याचे उत्तर शोधल्यावर ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दाचा उलगडा झाला. ओळींचे क्रमांक मूळ अक्षांशाजवळच्या ओळीपासून मोजत असलो, तरी घरांची आखणी मी सीमेभोवतीच्या चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून केली होती, आणि बहुतेक तयार फंक्शने मुळातच तसे करतात. फाइलमध्ये निकोबार बेटे नसतील, तर चौकटीची खालची कड कन्याकुमारीजवळ, ८ अंश ४ मिनिटांच्या आसपास असते. ती असतील, तर इंदिरा पॉइंटला, ६ अंश ४५ मिनिटांवर जाते. ही सरक ओळींच्या अंतराच्या पूर्ण पटीत असण्याचे काही कारण नाही, त्यामुळे दक्षिणेकडे चार बेटे जोडली की हजारो किलोमीटर दूरच्या सिलिगुडीवरचे घर बदलते. म्हणून जाळीचा आरंभबिंदू प्रक्षेपणातील एका ठरलेल्या बिंदूला बांधावा आणि तो आकडा कोडमध्ये स्थिर लिहून ठेवावा. चौकटीवरून तो कधीही काढू नये.

आता निवडीची कसोटी. घराला ‘आत की बाहेर’ असे विचारण्याऐवजी त्याचा किती भाग देशाच्या सीमेत येतो, म्हणजे त्याची व्याप्ती, हे प्रत्येक घरासाठी मोजावे आणि सर्व घरे त्या भागाच्या उतरत्या क्रमाने लावून वरची हवी तितकी घ्यावीत. चारशे हवी असतील तर चारशेच मिळतात, कारण आपण मोजूनच घेतो. घराचा आकार ९७.४ वरच राहतो, त्याला हात लावावा लागत नाही. आरंभबिंदू एका टाइलच्या आत आडवा दहा ठिकाणी आणि उभा दहा ठिकाणी सरकवून शंभर मांडण्या तपासाव्यात, निवडलेल्या घरांच्या व्याप्तीची बेरीज जिची सर्वांत जास्त आणि जिच्यात मुख्य भूमी सलग, ती मांडणी कायम करावी. मुलांची इच्छा होती की सोलापूर एका टाइलच्या बरोबर मध्यावर यावे. ती मनापासून पुरवावीशी वाटली, पण आरंभबिंदू सोलापूरला बांधला असता तर ही शंभर मांडण्यांतून निवडण्याची मोकळीक गेली असती. म्हणून ज्या घरात सोलापूर येते त्या जागी सिद्धेश्वर तलाव रंगवलेली टाइल लावायची, यावर सर्वांचे समाधान झाले.

सलगता तपासण्यासाठी नागपूर ज्या घरात येते तेथून सुरुवात करावी, सहाही शेजाऱ्यांकडे जावे, त्यांच्या शेजाऱ्यांकडे जावे, आणि पोहोचता न येणारी निवडलेली घरे वेगळी काढावीत. ईशान्येचा गट त्यांत सापडला, तर दोन्ही गटांना जोडणाऱ्या न निवडलेल्या घरांपैकी सर्वाधिक व्याप्तीचे घर हाताने आत घ्यावे आणि त्याच्या बदल्यात किनाऱ्यावरचे सर्वांत कमी व्याप्तीचे घर वगळावे. वगळल्यावर हीच तपासणी पुन्हा चालवावी, कारण जे घर आपण काढले तेच दुसरा एखादा सांधा धरून असू शकते.

बेटांना मात्र व्याप्तीची कसोटी लावणे अन्यायाचे होते. अंदमान आणि निकोबारचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बरोबर एका टाइलएवढे आहे. पण ही बेटे उत्तर-दक्षिण लांबवर विखुरलेली असल्याने कोणत्याच एका घरात पुरेशी भरत नाहीत आणि क्रमवारीत तळाला जातात. लक्षद्वीप तर अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. दोघांनाही एकेक टाइल आधीच राखून ठेवावी, सलगतेच्या तपासणीतून त्यांना वगळावे, आणि मुख्य भूमीसाठी ३९८ घरे निवडावीत. गोव्याबद्दल चिंता नको: त्याचे ३,७०२ चौरस किलोमीटर निम्म्या टाइलहून कमी असले, तरी शेजारची महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची जमीन त्याच घरांत येत असल्याने किनारा तेथे खंडित होत नाही.

भिंतीवर शेवटी काही सेंटीमीटर वाढतात

पडद्यावर टाइल्समध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसल्या, तर तो हिशेबाचा दोष समजू नये. शेजारच्या दोन षटकोनांची सामाईक कड ब्राउझर प्रत्येकासाठी वेगळी मऊ करून रंगवत असल्याने त्या दिसतात आणि प्रत्येक षटकोनाला त्याच्याच रंगाची बारीक कड दिली की जातात. भिंतीवरचा फरक मात्र खरा असतो. बारा सेंटीमीटरच्या टाइल्सनी देशाची २,९३३ किलोमीटर रुंदी सुमारे ३.६ मीटरमध्ये आणि ३,२१४ किलोमीटर उंची जवळपास चार मीटरमध्ये बसते, असे मी मिस्त्रींना सांगितले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, सांधा किती धरला?” मी धरलाच नव्हता. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवला की आडव्या तीस टाइल्समध्ये सहा सेंटीमीटर आणि उभ्या अडतीस ओळींमध्ये साडेसहा सेंटीमीटरहून थोडे अधिक वाढतात, आणि वरच्या ओळी छताच्या पट्टीला भिडतात. कोडमध्ये रुंदी १२ ऐवजी १२.२ धरून सर्व मध्यबिंदू पुन्हा छापले.

काम खालून सुरू करू नये, हेही त्यांनीच सांगितले. भिंतीच्या मध्यावर ओळंबा सोडून उभी रेघ आखावी, शून्य क्रमांकाची ओळ दोरीने आडवी धरावी आणि तेथून वर व खाली बसवत जावे, म्हणजे जमणारी चूक दोन्ही टोकांना निम्मी वाटली जाते. प्रत्येक टाइलच्या पाठीवर तिचा स्तंभ आणि ओळ पक्क्या शाईने लिहावी. ऋण चिन्ह ठळक काढावे. वजा आठव्या ओळीची टाइल आठव्या ओळीत गेली, तर सोलापूरचा तलाव हिमालयात जाऊन बसतो.